सणाच्या आदल्या संध्याकाळी, घरातलं वाचन

पुंडलिकनगरमधल्या आणि आपल्या शहरातल्या कॅथलिक आईबाबांशी आज थोडं बोलायचं आहे.

सण चर्चमध्ये साजरा होतो.
पण मुलांना तो समजतो घरात.

24 जानेवारीचंच पाहा.
हा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण.
आपल्या शहरातलं कॅथेड्रल त्यांच्याच नावाचं आहे.
ते लेखकांचे आणि पत्रकारांचे आश्रयदाते संत.
त्यांनी साध्या भाषेत पत्रकं लिहिली.
लोकांच्या दाराखालून ती आत सरकवली, असं सांगतात.
एका कर्णबधिर माणसाला त्यांनी खुणांच्या भाषेतून धर्म शिकवला.

ही गोष्ट आदल्या संध्याकाळी मुलांना सांगा.
मग मुलांनाच एक छोटं पत्र लिहू द्या.
शेजारच्या आजींना ते नेऊन देऊ द्या.
मुलांचा सण तिथंच सुरू होईल.

नाताळाआधीचे चार रविवारही असेच.
दर रविवारी एक मेणबत्ती.
शुभवर्तमानातला एक छोटा उतारा.
वाचायला मात्र मुलांनाच द्या.
अडखळली तरी चालेल.

आणि हे सगळं मराठीत करा.
फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं.
तेही ओवीत.
वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल दिलं.
2020 मध्ये आपल्याच मराठवाड्यात, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.
इतका मोठा ठेवा मुलांपर्यंत पोचायलाच हवा.

पुन्हा सांगते.
सण मुलांना समजतो घरात.
येत्या सणाच्या आदल्या संध्याकाळी टीव्ही बंद ठेवा,
आणि मुलांना जवळ घेऊन वाचायला बसा.