पंप बदलण्याआधी सेन्सर बघा

आपल्या काही गटांकडे आता स्वतःची पिकअप किंवा छोटा टेंपो आहे. चटणी, पापड, गूळ बाजारात न्यायचा म्हणजे गाडी हवीच. पण गाडी बंद पडली म्हणून कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून आज गाडीतल्या एका बोटभर भागाबद्दल बोलते. त्याचं नाव रेल प्रेशर सेन्सर, म्हणजे इंधनाचा दाब मोजणारा.

राधानगरी तालुक्यातल्या एका गटाची डिझेल पिकअप कणकवलीला माल टाकून परत येत होती. फोंडा घाट चढताना इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जोरच गेला. बंद करून चालू केली की थोडी ओढायची, परत तेच. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "पंप गेलाय, बदलावा लागेल." पंपाचा खर्च म्हणजे गटाची कित्येक महिन्यांची बचत. गटाच्या अध्यक्ष मावशींनी विचारलं, "पंपच गेला, हे कशावरून?" तर उत्तर आलं, "तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

कळतं की! नीट सांगितलं तर का नाही कळणार? टाकीतलं डिझेल फिल्टरमधून पंपात जातं. पंप ते प्रचंड दाबानं एका जाड लोखंडी नळीत भरतो, तिला रेल म्हणतात. तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात. कारच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो. या रेलमध्ये गाडी नुसती उभी राहून चालू असली तरी साधारण २५० ते ३०० बार असतो, आणि चढाला हजाराच्या वर जातो. सेन्सर रेलवर बसून हा दाब गाडीच्या कॉम्प्युटरला कळवत राहतो. त्यानं चुकीचं सांगितलं की कॉम्प्युटर घाबरून इंजिनचा जोर कमी करतो, नाहीतर इंजिन बंदच पाडतो. पंप मात्र ठणठणीत असतो.

लक्षणं कोणती? सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, झटके बसतात, पिकअप मिळत नाही, चालता चालता गाडी बंद पडते. पण फिल्टर चोंदला किंवा डिझेलमध्ये पाणी आलं तरी असंच होतं. म्हणून नुसत्या लक्षणांवर कुणी पार्ट बदलायला सांगितला तर थांबा. आधी फिल्टर बघायला लावा, मग स्कॅनर लावायला सांगा. पी ०१९० ते पी ०१९४ यातला कोड आला तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर. पी ००८७ आला तर दाब खरोखर कमी पडत असण्याची शक्यता जास्त; तेव्हा फिल्टर, नळ्या, पंप बघायचे.

आता खरी परीक्षा. गाडी रात्रभर उभी असेल, तर सकाळी इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवायची. रेलमध्ये दाब उरलेला नसतो, म्हणून स्कॅनरवर आकडा शून्याच्या आसपास हवा. तिथंच शे-दोनशे बार दिसले तर सेन्सर किंवा वायर खोटं बोलतेय. मग मेकॅनिक सेन्सरचा कपलर काढून मीटर लावतो. बहुतेक गाड्यांत तीन वायरी असतात: एकीवर ५ व्होल्ट यायला हवेत, दुसरी अर्थ, तिसरी सेन्सरचा निरोप नेणारी. ५ व्होल्टच येत नसतील तर नवा सेन्सर घालून काय उपयोग? तिन्ही वायरी ठीक असूनही आकडा चुकतोय, तर मात्र सेन्सर गेला.

मावशींनी गाडी हळूहळू कोल्हापुरात उद्यमनगरला आणली. तिथल्या मिस्त्रींनी अशीच तपासणी केली. वायर उंदरानं कुरतडली होती! घाटात इंजिन हादरलं की ती लोखंडाला टेकायची. जोड देऊन, वरून स्लीव्ह चढवून काम झालं. ऊसपट्ट्यात गाडी रानाकडेला लावली की उंदरांचा हा उद्योग ठरलेलाच. पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी जाऊन हिरवा गंजही धरतो, तो साफ केला तरी कितीदा भागतं.

सेन्सर आतून दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. काही गाड्यांत तो सुटा न मिळता रेलसकट येतो, हे आधीच विचारा. आणि एक गोष्ट घरातल्या पोरांनाही बजावून सांगा: इंजिन चालू असताना या नळ्यांना पाना लावायचा नाही, गळती बोटानं चाचपायची नाही. त्या दाबाची धार कातडीतून आत घुसते. वरून जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा. सेन्सर काढतानाही इंजिन बंद करून, दाब उतरल्यावर, भोवतालची धूळ पुसूनच काढायला हवा. आत गेलेला कण इंजेक्टर खातो.

काम झाल्यावर कोड पुसून घ्या, गळती नाही ना ते बघा, आणि भरल्या गाडीनं एक चढ मारून या. बदललेला सेन्सर मागून घ्या. बिल, तारीख आणि किलोमीटर गटाच्या वहीत लिहा. सहा महिन्यांनी तोच दिवा लागला तर मेकॅनिकपुढं वहीच ठेवता येते.