न जाणारे पुरळ आणि निदानाची चिकाटी

(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून त्वचेच्या दुखण्याविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. ज्या आजाराविषयी मी आज मुख्यतः बोलणार आहे, त्याचे नाव ल्यूपस. त्याच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुतेकींना तो १५ ते ४५ या वयात गाठतो. म्हणजे दहावीची विद्यार्थिनी, कॉलेजात जाणारी मुलगी, नुकतेच लग्न झालेली सून, लहान मुलांची आई. या सभागृहात बसलेल्यांचेच हे वय आहे, म्हणून हा विषय निवडला.

कोणी विनाकारण घाबरू नये यासाठी प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. अंगावर उठणारे बहुतेक पुरळ साधे असते. घामोळे, खरूज, नायटा, इसब, पित्ताच्या गांधी, गालावरचे वांग, यांची ओळख आपल्या घराघरांत आहे आणि त्यांवर उपायही आहेत. एखादा चट्टा बधिर असेल, तेथे टोचलेले कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. एखादे नवे औषध सुरू केल्यावर अंगावर फोड आले, कातडी सुटू लागली, तोंड किंवा डोळे सोलवटले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. हे सारे बाजूला केल्यावर थोडेसे रुग्ण उरतात. त्यांचे पुरळ सहा-आठ आठवडे झाले तरी जात नाही, गेले तरी परत येते, आणि त्याच्या जोडीला शरीराच्या इतर तक्रारी असतात. आजचे बोलणे त्यांच्यासाठी आहे.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. तिचे काम राखणदाराचे. परका आला तर त्याला अडवायचे आणि घरच्यांना सुखाने वावरू द्यायचे. काही माणसांत हा राखणदार घरच्याच माणसांना परके समजू लागतो आणि त्यांच्यावर काठी उगारतो. अशा आजारांना स्वयंप्रतिकार आजार म्हणतात. काठी सांध्यांवर पडली तर सांधे सुजतात, त्वचेवर पडली तर पुरळ उठते, मूत्रपिंडावर पडली तर लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. ल्यूपसमध्ये ती एकाच वेळी अनेक ठिकाणी पडू शकते. हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाला शिवल्याने, तिच्या ताटात जेवल्याने, तिच्याबरोबर राहिल्याने तो कोणालाही होत नाही.

आता निदान इतके लांबते का, ते पाहू. समजा, सोळा वर्षांची एक मुलगी आहे. उन्हातून शाळेत आली की तिचे गाल आणि नाकाचा उंचवटा लालसर-काळपट होतो. घरचे म्हणतात, अंगात उष्णता आहे. केस गळतात, तेव्हा तेल बदलले जाते. तोंड येते, तेव्हा जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या जातात. बोटांचे सांधे सकाळी आखडतात, तेव्हा आई म्हणते, अभ्यासाचा आळस. अधूनमधून कणकण येते, तिच्यावर चार दिवसांचे औषध मिळते. चेहऱ्यासाठी त्वचेचे डॉक्टर, सांध्यांसाठी हाडांचे डॉक्टर, अशक्तपणासाठी गल्लीतील दवाखाना. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला आणि त्यापुरते बरोबर औषधही दिले. पण पाचही तुकडे एका कागदावर कोणी मांडले नाहीत. मांडले असते, तर ते पाच आजार नसून एकच आहे अशी शंका कोणालाही आली असती.

यात डॉक्टरांना दोष देण्यासारखे फारसे नाही, कारण वैद्यकशास्त्रालाच हे तुकडे जोडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. पॅरिसच्या काझनाव्ह यांनी १८५१ मध्ये या रोगाला ल्यूपस एरिथिमॅटोसस हे नाव दिले, तेव्हा तो निव्वळ त्वचेचा रोग समजला जात होता. व्हिएन्नाच्या कापोशी यांनी १८७२ मध्ये दाखवून दिले की याच रुग्णांना ताप येतो, सांधे दुखतात आणि त्यांच्या जिवावरही बेतते. रक्ताच्या तपासणीतून धरता येईल अशी पहिली खूण, एल. ई. पेशी, अमेरिकेतील हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये नोंदवली. तेव्हा पहिल्याच भेटीत नाव मिळाले नाही, तर निराश होऊन डॉक्टरमागून डॉक्टर बदलू नयेत. प्रत्येक नवा डॉक्टर पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करतो.

आज ए.एन.ए. नावाची रक्ततपासणी गावोगावच्या प्रयोगशाळांतून होते. तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. ल्यूपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती सकारात्मक येते, म्हणून ती नकारात्मक आली तर ल्यूपसची शक्यता फारच कमी होते. पण याचे उलटे खरे नाही. निरोगी माणसांतही १:८० या पातळीला शंभरातील सुमारे तेरा जणांची आणि १:१६० या पातळीला सुमारे पाच जणांची ही तपासणी सकारात्मक येते. म्हणून केवळ तो एक कागद हातात घेऊन रडत बसू नये, आणि लक्षणे नसताना हौसेने ती तपासणी करूनही घेऊ नये. २०१९ मध्ये युरोप व अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ल्यूपसच्या वर्गीकरणाचे निकष ठरवले. त्यांत ए.एन.ए. ही केवळ दारावरची चिठ्ठी आहे. आत गेल्यावर ताप, त्वचा, सांधे, रक्तपेशी, मूत्रपिंड, विशिष्ट प्रतिपिंडे अशा प्रत्येक गोष्टीला गुण आहेत आणि दहा गुण झाले तरच रुग्ण त्या वर्गात मोडतो. हे निकष मुख्यतः संशोधनासाठी आहेत, शेवटचा निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण त्यांतून शिकण्यासारखे एवढे की, हे निदान एका खुणेवर होत नाही, अनेक खुणांच्या बेरजेवर होते.

या सर्व तपासण्यांत एक अगदी स्वस्त तपासणी आहे आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ती म्हणजे लघवीची साधी तपासणी. मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला काहीही दुखत नाही. मुलगी हिंडते-फिरते, परीक्षा देते, आणि आत नुकसान चालू असते. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती सूज, पायांवर सूज, वाढलेला रक्तदाब ही लक्षणे त्यामानाने उशिरा दिसतात. म्हणून पुरळ आणि सांधेदुखी एकत्र असेल, तेव्हा रक्ताबरोबर लघवीही तपासून घ्यावी आणि रक्तदाब मोजून घ्यावा. चेहऱ्यावरच्या डागाची काळजी सर्वांना असते, पण आयुष्यभराचे नुकसान या न दिसणाऱ्या ठिकाणी होते.

हाडांचे डॉक्टर आणि संधिवाततज्ज्ञ हे दोन वेगळे, हेही लक्षात ठेवावे. संधिवाततज्ज्ञ हे औषधोपचार करणारे डॉक्टर असून स्वयंप्रतिकार आजार हा त्यांचाच विषय आहे. आपल्या गावात ते नसतील, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात औषधवैद्यक विभागात दाखवावे. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे.

आता आपण घरी काय करावे, ते सांगतो. एक दोनशे पानी वही घ्यावी. पुरळ केव्हा उठले, कोठे उठले, किती दिवस राहिले, उन्हाने वाढले का, खाज होती की आग, जाताना डाग राहिला का, हे तारखेसह लिहावे. पित्ताची साधी गांध चोवीस तासांत त्या जागेवरून मावळते. एकाच जागी त्याहून जास्त टिकली आणि मागे काळसर डाग राहिला, तर ती गोष्ट वेगळी, आणि ती केवळ नोंदीवरूनच कळते. ताप, तोंड येणे, सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहतात, थंडीत बोटे पांढरी-निळी पडतात का, वारंवार गर्भपात झाला आहे का, हेही त्यात असावे. डॉक्टरांकडे जाण्याच्या दिवशी पुरळ नेमके नाहीसे झालेले असते, हा सर्वांचा अनुभव. म्हणून ते असतानाच मोबाइलवर, दिवसाच्या उजेडात, छायाचित्र काढून ठेवावे. पाश्चात्त्य पुस्तकांतील चित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या कातडीवर तोच लालपणा तपकिरी, जांभळट किंवा नुसता काळपट दिसतो, आणि वांग समजून सोडून दिला जातो. जुने सर्व रिपोर्ट तारीखवार एका फायलीत लावावेत.

जे करू नये, तेही तितकेच महत्त्वाचे. औषधांच्या दुकानातून शेजारणीच्या सांगण्यावरून गोरेपणाचे किंवा खाजेचे मलम आणून चेहऱ्यावर लावू नये. अशा कितीतरी मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने चार दिवस चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, केस उगवतात, मुरुमे येतात, आणि मूळ रोगाची खूण पुसली जाते. मग तज्ज्ञालाही काय पाहावे हे कळत नाही. सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. पण आपणच मागणे थांबवले नाही, तर नियम काय करणार? गरज वाटल्यास डॉक्टर त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासायला सांगतात. त्या तपासणीला भिऊ नये. जागा बधिर करून ती काही मिनिटांत होते.

कधी कधी सर्व तपासण्या करूनही डॉक्टर सांगतात, "आज नक्की नाव देता येत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू." हे उत्तर ऐकून पुष्कळ लोक रागावतात. वस्तुतः ते प्रामाणिक उत्तर आहे. अशा रुग्णांपैकी काहींचा आजार पुढे स्पष्ट होतो, पण अनेकींचा तेवढ्यावरच थांबतो किंवा शमतो. तीन महिन्यांनी जाणे मात्र चुकवू नये. निदान चुकते त्यापेक्षा ते अर्ध्यावर सोडले जाते, हेच अधिक वेळा घडते.

आणि निदान झाले तर? १९५० च्या दशकात ल्यूपसचे निदान झालेल्या रुग्णांपैकी चार-पाच वर्षांनी निम्मेच हयात असत. आज वेळेवर उपचार मिळालेल्या दहापैकी नऊंहून अधिक रुग्ण त्या टप्प्याच्या पुढे जातात. मलेरियाच्या उपचारातून आलेले हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध जवळजवळ प्रत्येक रुग्णाला दिले जाते. २०२० मध्ये कोविडच्या भीतीने लोकांनी त्याचा साठा केला आणि ज्यांना ते रोज लागते त्यांचेच हाल झाले, हे आपल्याला आठवत असेल. ते घेताना डोळ्यांची तपासणी ठरलेल्या मुदतीत करावी. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर परीक्षा असो, लग्नकार्य असो वा रमजानचे रोजे असोत, त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्याने जिवाला धोका होऊ शकतो. रोज्याविषयी महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. उन्हापासून जपावे आणि ऊन कमी मिळते म्हणून ड जीवनसत्त्वाकडेही लक्ष द्यावे. आजार शांत असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवलेले बाळंतपण बहुतेकींचे सुखरूप होते.

शेवटी आपल्या समाजाविषयी एक शब्द. मुलीचे लग्न जमवायचे आहे म्हणून तिचा आजार दडवणे, तिच्या गोळ्यांची वेष्टणे फेकून देणे, तपासणीला परगावी चोरून नेणे, हे प्रकार घडतात. दडवलेल्या आजाराची सासरी औषधे बंद पडतात आणि मग जे होते ते झाकता येत नाही. आजार सांगून जे घर तिला स्वीकारेल, तेच तिचे घर. शिक्षक-शिक्षिकांना माझी विनंती अशी की, एखादी मुलगी उन्हातल्या कवायतीनंतर वारंवार आजारी पडत असेल, सकाळच्या तासाला तिला पेन धरवत नसेल, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी पालकांना बोलवावे. तिला सावलीत बसू द्यावे. पालकांना विनंती अशी की, त्या दिवशी घरी जाताना वाटेत एक वही विकत घ्यावी.