मूत्रपिंडाची दारे आणि शहाळ्याचे पाणी

केळवे-माहीमच्या वाड्यांपासून चिंचणी-डहाणूपर्यंत नारळ हा किनाऱ्याचा सोबती आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे न्यावे, ही येथील रीत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून निघालेला कामगारही बोईसरच्या रस्त्यावर शहाळेच मागतो. निरोगी माणसाला ते हितकारक असते. मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या बाबतीत हीच माया जिवावर बेतू शकते.

शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारणपणे २०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत राहते. रक्तात ते अत्यल्प असते. रक्तातील हे प्रमाण फार वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून जादा पोटॅशियम बाहेर टाकावे लागते. त्यापैकी सुमारे ९० टक्के मूत्रपिंडांवाटे जाते.

मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या शेवटच्या भागात हे कार्य चालते. तेथील पेशींच्या रक्ताकडील बाजूस एक पंप असतो. ऊर्जा खर्चून तो दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर काढतो आणि पोटॅशियमचे २ आयन आत घेतो. आत साठलेले पोटॅशियम मग मूत्राकडील बाजूच्या दारांतून आपोआप मूत्रात उतरते. ही दारे म्हणजे पेशीपटलातील प्रथिनांचे मार्ग होत. एका दारातून सेकंदाला लाखो आयन जाऊ शकतात.

सोडियमचा आयन लहान असूनही या दारातून जात नाही. पोटॅशियम आपले पाण्याचे वेष्टन सोडून आत शिरते, तेव्हा दाराच्या भिंतीतील ऑक्सिजनचे अणू त्याला नेमके सावरून धरतात. लहान सोडियमला तो आधार मिळत नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये जिवाणूतील अशा दाराची रचना उलगडली. त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पीटर आग्र यांच्यासह मिळाले.

मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, की काम करणाऱ्या नलिका घटतात आणि दारेही घटतात. पोटॅशियम रक्तात साचते, आणि पुष्कळदा त्याचे कोणतेही लक्षण आधी दिसत नाही. डायलिसिसच्या दोन खेपांमधील दिवस म्हणूनच जपण्याचे असतात. कमी सोडियमचे म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिठांतही पोटॅशियम असते, हेही ध्यानात ठेवावे.

शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे जरूर सांगावे: मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळे देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. भेटीला रिकाम्या हाताने गेल्यास त्यात काहीही कमीपणा नाही.