घर विकताना कागदांचा हिशेब

घर विकायला निघालेला माणूस आधी किमतीचा विचार करतो. कागदांची आठवण होते ती गिऱ्हाईक दारात आल्यावर. मग धावपळ आणि वैताग. पण सगळेच कागद निरुपयोगी नसतात.

विक्रीचा करार नोंदवणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीचे आहे. महाराष्ट्रात त्याची फी किमतीच्या एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क वेगळे. हा भार बहुधा घेणाऱ्यावर पडतो. पण त्या बदल्यात व्यवहार सरकारदफ्तरी चढतो. 'इंडेक्स टू'चा उतारा काढून कोणालाही तो पाहता येतो. एकच घर दोघांना विकण्याची लबाडी इथेच उघडी पडते.

सोसायटीच्या 'ना हरकत' दाखल्याचे तसे नाही. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरासाठी तो सक्तीचा नाही. घेणाऱ्याची बँक मागते म्हणून तो लागतो. त्यासाठी अडवणूक होते, 'देणगी'ही मागितली जाते. महापालिका हद्दीत हस्तांतराचे अधिमूल्य २५,००० रुपयांहून अधिक घेऊ नये, असे शासनाने २००१ मध्येच ठरवून दिले आहे. म्हणून आकडा विचारा, पावती मागा.

आणि जाहिरात देण्यापूर्वी कपाट उघडा. शेअर सर्टिफिकेट, स्वतःचा करार आणि आधीच्या मालकांचे करार ओळीने लावा. एखादा नोंदवलेला करार हरवला असेल, तर दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नकल मिळते. ती आज काढलेली बरी. गिऱ्हाईक घाईत असले की प्रत्येक कागद महाग पडतो.