घाट चढण्याआधी

मी कविता लिहिणारा माणूस. गॅरेजमधल्या गोष्टींवर बोलण्याचा मला तसा अधिकार नाही. पण गेल्या काही वर्षांत मला जे थोडे शहाणपण आले ते एका जुन्या पिकअपच्या बॉनेटखाली वाकून उभे राहिल्यामुळे आले, म्हणून आज तेच सांगतो.

मे महिन्यातली गोष्ट. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून शिक्षकमित्राचा फोन आला. विहीर आटली होती. बाया मध्यरात्री उठून झऱ्याच्या खड्ड्यात पाणी साचण्याची वाट बघत बसायच्या. टँकर यायचा, पण रोज नव्हे. ‘दोन किलोमीटरवर एका शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी आहे. तो द्यायला तयार आहे. आणायचं कशात, एवढाच प्रश्न आहे. तुमच्या भावाकडे ती टाकीची ट्रॉली आहे ना?’

ट्रॉली होती. हजार लिटरची लोखंडी टाकी, दोन चाकांवर बसवलेली. बोईसरला बांधकामावर पाणी मारायला माझा धाकटा भाऊ ती वापरायचा. ओढायला त्याची सतरा वर्षांची डिझेल पिकअप. मी म्हणालो, ‘उद्या सकाळी निघू.’ भाऊ म्हणाला, ‘चार दिवस लागतील, भाई.’

मला राग आला. तिकडे माणसे पाण्यावाचून बसली आहेत आणि हा चार दिवस मागतो! पण मी गप्प राहिलो. गप्प राहण्याला कारण होते. त्याच्या उजव्या गुडघ्याला बारा वर्षांपूर्वी मार बसला, तो गुडघा तेव्हापासून पुरता वाकत नाही. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो.

जव्हारहून भाताची पोती भरून आम्ही खाली येत होतो. उतार लागला तसा मी गिअर न्यूट्रल केला. डिझेल वाचते, अशी माझी समजूत. गाडी छान पळू लागली. वळण आले की ब्रेक, पुढचे वळण आले की पुन्हा ब्रेक. पाच-सहा वळणांनंतर जळक्या लायनिंगचा वास आला. मी पाय जोरात दाबत होतो, पण गाडी थांबायचे नाव घेईना. शेवटी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली म्हणून दरीत गेलो नाही. मला खरचटलेसुद्धा नाही. भावाचा गुडघा मात्र डॅशबोर्डवर आपटला.

ब्रेक फेल झाला, असे मी पुढे अनेक वर्षे सांगत राहिलो. ब्रेक फेल झाला नव्हता. मी तो जाळला होता. हे मला बोईसरच्या मिस्त्रींनी या चार दिवसांत समजावून सांगितले.

पहिला दिवस रेडिएटरचा. आमच्याकडे तारापूर-चिंचणीचा खारा वारा, त्यात औद्योगिक वसाहतीची धूळ. जाळीत चिखल वाळून बसलेला आणि नळ्यांमध्ये बोअरच्या पाण्याचे क्षार. सपाट रस्त्यावर हे खपून जाते. चढावर ओझे ओढताना इंजिन पूर्ण ताकद लावते आणि गाडी मात्र हळू चालते, म्हणजे उष्णता जास्त आणि समोरून येणारा वारा कमी. मिस्त्रींनी रेडिएटर उतरवला, टाक्या उघडून नळ्या सळईने साफ करून घेतल्या. फॅनचा पट्टा, पाण्याचे होज आणि झाकण नवे घातले. ते दोनशे रुपयांचे झाकण कशाला बदलायचे, मी विचारले. ते म्हणाले, ‘झाकण पाणी दाबून धरतं. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊन उकळतं. स्प्रिंग मेली की पाणी लवकर उकळणार.’ साध्या पाण्याऐवजी त्यांनी कूलंट भरले.

दुसरा दिवस इंजिन आणि क्लचचा. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलले. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी सोडले. नोझल काढून तपासायला पाठवले, कारण गाडी चढावर काळा धूर सोडायची. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. त्यातून ताकद मिळत नाही, उष्णता तेवढी वाढते. क्लच प्लेट घासलेली निघाली. मी म्हणालो, गावात तर गाडी बरी चालते. मिस्त्री हसले. ‘गावात सगळेच बरे चालतात.’

तिसरा दिवस ब्रेकचा. भाऊ त्या दिवशी सकाळपासून गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसला. चारही चाके उघडली. लायनिंग नवे, व्हील सिलिंडरचे रबर नवे. ब्रेक ऑइल काढले तर चहासारखे काळपट. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा मुरलेले तेल घाटात तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, चाक दाबले जात नाही. आमच्या किनाऱ्यावर तर ओलावा बारा महिने. तेल दोन वर्षांनी बदलायचे असते हे मला ठाऊकच नव्हते.

मग मिस्त्रींनी मला ते सांगितले, जे मी बारा वर्षांपूर्वी ऐकायला हवे होते. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणारे यंत्र. ती उष्णता ड्रमला झेपेल तेवढीच द्यायची. उरलेले काम इंजिनाने करायचे. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, मग इंजिनच गाडीला मागे खेचून धरते. न्यूट्रल केले की तो हात सुटला. आणि इंजिनच बंद केले तर ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची ताकदही जाते, पेडल दगडासारखे होते. भाऊ ऐकत होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, याचे मला बरे वाटले आणि वाईटही.

चौथा दिवस ट्रॉलीचा. चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस, जोडाच्या पिनेला चाप, पिन सुटलीच तर म्हणून दोन साखळ्या, मागे दिवे आणि रिफ्लेक्टर. ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पिकअपच्या जोडावर यायला हवा. वजन मागे गेले की ट्रॉली शेपटीसारखी डोलते. टाकीत आडव्या पत्र्याची भिंत जोडून घेतली. टाकी भरा किंवा रिकामी ठेवा, अर्धी मात्र नेऊ नका, असे मिस्त्रींनी बजावले. अर्धवट टाकीतले पाणी वळणावर धावते आणि गाडीला ढकलते. शेवटी टाकी भरून पालघरपर्यंत एक फेरी मारली. परत आल्यावर गळती पाहिली, नट पुन्हा आवळले.

पाचव्या दिवशी पहाटे निघालो. भाचा चालवत होता, मी शेजारी. चिल्हार फाटा, मनोर, विक्रमगड आणि मग जव्हारचा चढ. समुद्रकाठावरून निघालेली गाडी इथे साडेचारशे मीटरच्या आसपास चढते. भाच्याने दुसरा गिअर सोडला नाही. मागचे ट्रक हॉर्न देत होते, तो जागा मिळेल तिथे बाजूला होऊन त्यांना वाट देत होता. काटा मधे एकदा वर सरकला. सावलीत थांबलो, इंजिन चालूच ठेवले, काटा खाली आला. झाकणाला कोणी हात लावला नाही.

मोखाड्याचा हा मुलूख विचित्र आहे. पावसाळ्यात इथे ढग फुटल्यासारखा पाऊस पडतो. वैतरणेच्या खोऱ्यातल्या धरणांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. त्यातले मध्य वैतरणा तर याच तालुक्यातले. आणि मे महिन्यात त्याच तालुक्यातली बाई डोक्यावर तीन हंडे घेऊन डोंगर चढते. आमच्या हजार लिटरने हे बदलणार नव्हते. पण पाऊस येईपर्यंत पंधरा-वीस दिवस निभावणार होते.

खरी परीक्षा पाड्याच्या रस्त्याची निघाली. विहिरीपासून पाड्यापर्यंत तीव्र उतार, एका बाजूला ओढ्याचा कडा, मागे भरलेली टाकी, म्हणजे ट्रॉलीसकट दीड टन. भाच्याने वरच गाडी थांबवली, पहिला गिअर टाकला आणि मग सोडली. इंजिन गुरगुरत होते, गाडी माणसाच्या चालीने उतरत होती. माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. ‘मामू, पाय सैल सोडा,’ भाचा म्हणाला.

खाली हंड्यांची रांग होती. एका म्हातारीने मला विचारले, ‘चार दिवस उशीर का झाला?’ मी म्हणालो, ‘गाडी आजारी होती.’ तिला ते पटले.

सतरा दिवस भाचा तिथे राहिला, रोज चार फेऱ्या. पहिला पाऊस पडल्यावर गाडी घरी आली. भाऊ लंगडत बाहेर आला. कोणाशी काही बोलायच्या आधी तो खाली टेकला आणि तळहाताची मागची बाजू एकेका चाकाच्या ड्रमजवळ धरून पाहिली.

‘गार आहेत,’ तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला.