आकडा तोच, मग बॅटरी लवकर का संपते?

मी बोलतेय मानपाड्यातून. ठाण्याच्या, घोडबंदर रोडवरच्या. डोंबिवलीकरांनो, मानपाडा रोड तुमचाही आहे, तेव्हा रागवू नका. आजचा विषय दोघांच्याही घरात आहे: बॅटरी.

12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ आठवतेय? कळवा-पडघा भागातल्या वीजवाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. त्यात घरून काम करायचे दिवस. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता, त्यांचाही प्रश्न एकच: हा किती वेळ टिकणार?

चला, हिशोब करू. बॅटरी 12 व्होल्टची, वर लिहिलंय 150 एएच. हा आकडा साधारणपणे 20 तासांचा असतो. म्हणजे साडेसात अँपिअरने हळूहळू वापरली, तर 20 तास. आता पंखे, टीव्ही, कॉम्प्युटर मिळून 600 वॅट लावले. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून बॅटरीतून साधारण 55 अँपिअर ओढले जातात. साधा भागाकार सांगतो पावणेतीन तास. प्रत्यक्षात नवी बॅटरीसुद्धा दोन तासांच्या आसपासच मान टाकते!

मधला वेळ गेला कुठे? पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्येच हा नियम मांडला: लेड-अॅसिड बॅटरीतून करंट जितका जास्त ओढाल, तितकी तिची हाती लागणारी क्षमता कमी. कारण अॅसिडला प्लेटच्या बारीक छिद्रांत झिरपायला वेळ लागतो. ठाणे स्टेशनवर दोन गाड्या एकदम आल्या की पुलाच्या जिन्यावर काय होतं? माणसं भरपूर, पण पुढे सरकतंय कोण! तसंच हे. म्हणून थोडी विश्रांती दिली की तीच बॅटरी पुन्हा थोडा वेळ चालते.

आता खिशातला फोन. लिथियम-आयन बॅटरीत हा परिणाम बराच कमी असतो, पण आतला रोध तिलाही चुकत नाही. करंट दुप्पट झाला की त्या रोधात तयार होणारी उष्णता चौपट होते. शिवाय व्होल्टेज खाली येतं. बॅटरी जुनी झाली की रोध वाढतो. मग 15 टक्के दिसत असताना कॅमेरा आणि हॉटस्पॉट एकदम चालू केले की फोन धाडकन बंद! हेच टाळायला अॅपलने जुन्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला होता आणि डिसेंबर 2017 मध्ये ते मान्यही केलं.

आयुष्याचं म्हणाल, तर खरा शत्रू उष्णता. ती आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वाढवते, त्याने रोध वाढतो, रोधाने पुन्हा उष्णता. दुष्टचक्रच.

म्हणून घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये, भर उन्हात, बाइकच्या हँडलवर फोन लावून मॅप, हॉटस्पॉट आणि चार्जिंग एकदम चालवू नका. हॉटस्पॉट तरी बंद करा. गेम खेळताना फोन तापला, तर चार्जर काढा. आणि वीज गेली की पहिल्या मिनिटापासूनच लोड कमी करा: एक पंखा, एक दिवा, वायफाय. शेवटच्या दहा मिनिटांत काटकसर करून फारसं काही हाती लागत नाही.

तुमचा इन्व्हर्टर किती वेळ चालतो, किती लोडवर, ते मोजून मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!