देऊळ आणि शिवार



वर्ग आधी की जात आधी, हा वाद चळवळीच्या अभ्यासशिबिरांत वर्षानुवर्षे रंगत आला आहे. उत्पादनसाधनांच्या मालकीत मार्क्सने विषमतेचे मूळ शोधले. मॅक्स वेबरने त्यात भेद केला : बाजारातील स्थान म्हणजे वर्ग, समाजात मिळणारा मान म्हणजे दर्जा, आणि एक मिळाले म्हणून दुसरे आपोआप मिळतेच असे नाही. वर्धेकरांना हे समजण्यासाठी जर्मन ग्रंथांची वाट पाहावी लागत नाही.

जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. विनोबा त्या कार्यात सहभागी होते. सनातन्यांचा रोष ओढवून घेणारे हे कृत्य धैर्याचे होते. धनिकाची हौस म्हणून त्याची हेटाळणी करणे कोतेपणाचे ठरेल. परंतु देवळाचे दार उघडल्याने कपाशीच्या शिवारातला एकही धुरा हलला नाही. दर्शन घेऊन परतणाऱ्या भूमिहीनाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्याच शेतात डवरणीला जाणे भाग होते.

तेवीस वर्षांनी, मार्च १९५१ मध्ये, तेच विनोबा वर्ध्याहून पायी तेलंगणाकडे निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या दलितांनी त्यांच्याकडे काय मागितले? देवदर्शन नव्हे, ऐंशी एकर जमीन! रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली आणि भूदानाचा आरंभ झाला. मात्र कोणाला किती द्यायचे, हे ठरविण्याचा अधिकार येथेही देणाऱ्याच्याच हाती राहिला.

याचा अर्थ मानाचा लढा दुय्यम, असा काढणाऱ्यांनी डॉ. आंबेडकरांचे १९३६ मधील विवेचन पुन्हा वाचावे. जात ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. लोहियांनी जातीकडे गोठलेला वर्ग म्हणून पाहिले ते याच दिशेने. एकाच बांधावर राबणारे दोघे एका माठातले पाणी पीत नसतील, तर मजुरीवाढीसाठी त्यांची एकजूट व्हायची कशी? दर्जाचा प्रश्न असा थेट वर्गलढ्याच्या पोटात शिरतो.

म्हणून गावात सभा घेणाऱ्या कार्यकर्त्याने मजुरीचा दर अवश्य विचारावा. त्याबरोबर सभा कोणत्या वस्तीत भरली, तिथे कोण आले नाही, आणि निंदणाला जाणाऱ्या बायांची मजुरी पुरुषांहून कमी कोणी ठरवली, हेही त्याच बैठकीत विचारावे.